उंबऱ्यावरचा कॅन

उंबऱ्यावर ठेवलेला कॅन डुकरांचा, हा त्या घरातला नियम कधी कुणी बोलून दाखवला नव्हता. तो असाच चालत आला होता. सकाळी कढईतलं दूध फाटून खाली गोळा बसला, की वर उरलेलं हिरवट पाणी, म्हणजे निवळी, ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये ओतायची आणि कॅन मागच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवायचा. नऊच्या सुमाराला डुकरवाला हातगाडी घेऊन येई, काही न विचारता कॅन उचलून नेई आणि तासाभरानं रिकामा कॅन धुऊन कुंपणाच्या खुंटावर उपडा घालून जाई. माणूस मोठा वक्तशीर. त्याच्या गाडीची करकर ऐकू आली, की सासरे चहाचा दुसरा कप मागत.

त्या गुरुवारी सुनेनं उंबऱ्यावर जो कॅन ठेवला, त्यात निवळी नव्हती. त्यात तळघरातलं जुनं पाणी होतं.

या पाण्याचं सांगायला हवं. त्या घरात चीजची चाकं बनत, एकेक नऊ किलोचं. खोऱ्यात अशी अकरा घरं होती. चाक ताजं असताना पांढरंफटक आणि मुळमुळीत असतं. त्याला रंग येतो, साल येते, वास येतो तो तळघरात, चार-पाच महिने दिवसाआड पुसून पुसून. फडकं मिठाच्या पाण्यात बुडवायचं, चाक पुसायचं, उलटं करायचं, फडकं परत त्याच पाण्यात. पाणी कमी झालं की भर घालायची, पण पीप कधी रिकामं करायचं नाही, कारण विरजणासारखं तेच पाणी साल धरवतं. सासऱ्यांच्या आईच्या हातचं ते पाणी होतं. तपकिरी, दाट, आणि वास असा की सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, खाली उंदीर मेलाय. तिनं तसं म्हटलंही होतं. सासरे दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

आता हे पीप रिकामं करायची अवदसा कुठून आठवली? तर दूध संघाची शंभरी होती. पुढच्या रविवारी मोठा उत्सव, खोऱ्यातल्या चीजचा गौरव, परगावचे पाहुणे, फोटो, भाषणं. संघाचा सेक्रेटरी डायरी घेऊन घरोघर फिरत होता. या माणसानं जन्मात चाक पुसलं नव्हतं, पण परंपरा हा शब्द तो तोंडभरून म्हणायचा. त्यानं पाहुण्यांना दाखवायला याच घरचं तळघर निवडलं होतं. पायऱ्यांवर उभा राहून नाकाला रुमाल लावत तो म्हणाला होता, "सगळं असंच ठेवा हं, अगदी असंच. फक्त पायऱ्या रंगवा. आणि त्या पिपाच्या पट्ट्या गंजल्यात, तेवढ्या काळ्या करा. फोटोत येणार."

म्हणून नवऱ्यानं पायऱ्या रंगवायला घेतल्या आणि पीप आडवं करून पट्ट्या रंगवता याव्यात म्हणून सुनेनं त्यातलं पाणी कॅनमध्ये काढलं. पट्ट्या सुकेपर्यंत कॅन स्वयंपाकघरातल्या थंड कोपऱ्यात ठेवायचा, असा बेत. भरलेला कॅन छातीशी धरून, रंग टाळत, एकेक पायरी तिरकी चढत ती परसात आली तेव्हा तिचे दोन्ही दंड भरून आले होते. एक मिनिट, म्हणून तिनं तो मागच्या दाराच्या उंबऱ्यावर टेकवला.

तेवढ्यात आतून सासऱ्यांची हाक आली. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

तिनं चष्मा कुठेच ठेवला नव्हता. तो शोधता शोधता पलंगाखाली वाकून झालं, खिडकी झाली, पेपरची चळत झाली. शेवटी चष्मा त्यांच्याच डोक्यावर निघाला. "मग सांगायचं नाही का," असं म्हणून त्यांनी वर तिलाच झापलं आणि चहाचा दुसरा कप मागितला.

चहाचा दुसरा कप म्हणजे गाडी आली, हे तिच्या लक्षात आलं ते गॅस पेटवताना. ती तशीच धावत मागच्या दाराशी आली. उंबरा रिकामा होता.

डुकरवाल्याचं आवार लांब नव्हतं. ती अनवाणी पोचली तेव्हा तो कॅनमध्ये पाण्याचा पाइप सोडून आतून हात फिरवत होता. त्याच्यामागे सहा डुकरं रिकाम्या पन्हाळीवरून नाकं घासत होती.

"आज काय घातलं होतंत हो वहिनी?" तो खुशीत होता. "नुसती तुटून पडली. त्या भुऱ्या डुकरिणीनं तर बाकीच्यांना जवळ येऊ दिलं नाही."

"सगळं प्यायली?"

"थेंब ठेवला नाही. उद्या पण तेच द्या."

काय होतं ते सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत खोरंभर झालं असतं. तिनं स्वच्छ धुतलेला कॅन घेतला आणि घरी येऊन उंबऱ्यावर, जिथे तो ठेवला होता तिथेच, बसकण मारली.

दुसरं कुठलं वर्ष असतं तर निभावलं असतं. पिकलेल्या चाकाची साल पुसली की पाण्यात तोच जीव परत उतरतो. पण पिकलेली चाकं घरात होतीच कुठे! संघानं ती उत्सवासाठी आठवड्याभरापूर्वीच उचलून नेली होती आणि प्रदर्शनात नीट दिसावीत म्हणून वर मेण चढवलं होतं. फळ्यासुद्धा सेक्रेटरीच्या आग्रहानं नव्या घातल्या होत्या. खाली होती ती बेचाळीस चाकं, सगळी कोवळी, पांढरी, पुसायला आतुर.

नवरा पायऱ्यांवर ब्रश घेऊन वाकला होता. तिनं त्याला सांगितलं. माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याही पेचाला त्याच्याकडे एकच उत्तर असे.

"बघू," तो म्हणाला.

"काय बघू?"

"बाबांना एवढ्यात सांगू नकोस. उत्सव होऊन जाऊ दे."

"आणि चाकं? त्यांना उत्सव कळतो का? परवा पुसायला हवीत ती."

"संघात विरजणाची तयार पुडी मिळते की. पाण्यात टाकायची. बाकीच्यांतली दोन घरं गुपचूप तेच करतात."

"पुडी वापरली की चाकावरचा घराचा शिक्का काढून घेतो संघ."

"कुणाला कळणारे?"

"बाबांना."

तो पुन्हा रंगवायला लागला, आणि रंगवलेलीच पायरी रंगवत बसला.

शिक्क्यापेक्षा तिला दुसरीच धास्ती होती. या घरात तिला नऊ वर्षं झाली होती. त्यातली आठ ती बादल्या वाहत होती, फळ्या धूत होती, मीठ चाळत होती, पण पुसायचं फडकं तिच्या हातात नव्हतं. आधी ते नणंदेच्या हातात होतं. नणंद लग्न करून गेल्यावर सासऱ्यांनी ते कुणालाच दिलं नाही. गुडघे गेले, हात कापायला लागले, तरी स्वतः बसून बसून पायऱ्या उतरायचे. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी चाक त्यांच्या हातून निसटून फुटलं. त्यांनी ते तुकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं आणि ओलं फडकं पुढे करून एवढंच म्हणाले, "धर."

लग्नातसुद्धा ती इतकी हरखली नव्हती. त्या दिवसापासून खाली ती एकटी असायची, कधी बेचाळीस कधी साठ चाकं, हातांना मिठाच्या भेगा, नखं पिवळी, आणि या घरात आपलं काहीतरी आहे असं पहिल्यांदा वाटणं. आता सासऱ्यांना कळलं, की फडकं जाणार. ते रागावतीलही नाहीत. नुसता हात पुढे करतील, आण म्हणतील.

शनिवारी तिनं पिपात ताजं मिठाचं पाणी केलं. ते डोळ्यासारखं स्वच्छ दिसत होतं. मग तिनं वर जाऊन भांडंभर चहा उकळला, कोरा, कडूजहर, आणि तो गाळून पिपात ओतला. रंग जमला. स्वतःची तिला इतकी लाज वाटली, की फडकं बुडवताना तिनं मान वळवली.

सासरे रोजच्यासारखे परसात, पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. काठी टेकून त्यांनी खाली नाक केलं. "आज वास येत नाही गं."

"रंगाचा वास बसलाय बाबा सगळीकडे."

"हं." त्यांनी नाक वर केलं. "दुधाच्या घरात रंग. त्या सेक्रेटरीच्या घरी जाऊन कुणीतरी दूध सांडून यायला पाहिजे."

सोमवारी तिनं दिवा वर धरला. चाकं कोरडी पडली होती. कडेला बारीक चिरा, आणि वर करडी लव, मांजराच्या पिल्लाच्या पाठीवर असते तशी. एकेका चाकावरून ती अंगठा फिरवत गेली. लव अंगठ्याला चिकटून येई आणि खाली साल राखेसारखी दिसे. हे आणखी आठवडाभर चाललं, तर बेचाळीसच्या बेचाळीस चाकं डुकरवाल्याच्या गाडीवर चढवायची पाळी येणार होती. ती रिकामी बादली उपडी घालून तिच्यावर बसली, उठली, परत बसली. जुनं पाणी खोऱ्यात आणखी एका ठिकाणी होतं. ते कुठे, हे तिला गुरुवारपासून ठाऊक होतं. नाव काढायचीच तयारी होत नव्हती.

मंगळवारी सकाळी तिनं सासऱ्यांना सांगितलं, की दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जाऊन येते.

"दाढेच्या डॉक्टरकडे कॅन कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"येताना रॉकेल आणते."

"आ कर."

तिनं आ केला. त्यांनी चष्मा लावून आत पाहिलं, मग डब्यातून लवंग काढून तिच्या हातावर ठेवली. "चाव. जाईपर्यंत चावत राहा." दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मध्ये उकिडवी बसून, डोंगराचं वळण ओलांडेपर्यंत ती न दुखणाऱ्या दाढेखाली लवंग चावत होती. तोंडाची आग आग झाली.

नणंदेचं घर टायरच्या दुकानामागे होतं. तिचा नवरा पंक्चर काढायचा. दारात रबराचे जुने टायर रचलेले, आणि त्यांच्याआड सहा गाईंचा गोठा. नणंद नळाखाली कॅन घासत होती. तिनं वर पाहिलं आणि ब्रश तसाच हातात राहिला.

"कोण गेलं?" तिचा पहिला प्रश्न.

"कुणी नाही, ताई."

"मग आठ वर्षांनी बरा रस्ता सापडला."

सून उभ्या उभ्याच बोलायला लागली. रंग, पट्ट्या, चष्मा, उंबरा, सगळं. डुकरांपाशी आली तेव्हा नणंदेनं नळ बंद केला.

"डुकरांनी?"

"हो."

"सगळं?"

"थेंब ठेवला नाही म्हणाला."

नणंद हसायला लागली. इतकी हसली, की तिला टायरावर बसावं लागलं. मनगटानं डोळे पुसत ती हसत राहिली, आणि मग सुनेच्या लक्षात आलं, की ती केव्हाची रडतेय. "आजीचं पाणी होतं गं ते," ती म्हणाली. "मी बारा वर्षांची होते, हात पुरत नव्हता पिपात. स्टुलावर उभी राहायचे."

ती उठली आणि सुनेला मागे घेऊन गेली. जमिनीत खणलेली एक खोली, छपराला पत्रा. आत उबट होतं आणि तोच वास होता. सुनेला तो इतका ओळखीचा वाटला, की तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला. फळ्यांवर लहान लहान चाकं होती, विटकरी रंगाची, ओलसर, शिक्का नसलेली. नणंद ती आजूबाजूच्या घरांना मागच्या दारानं विकत होती. कोपऱ्यात निळं प्लास्टिकचं पीप होतं.

"हवं तेवढं ने," नणंद म्हणाली. "पण एक आहे. बाबा मला चोर म्हणाले ते कढईपाशी म्हणाले. सगळे दूधवाले रांगेत उभे होते. लग्न केलं म्हणून तळघर सोडायला लावलंत, सोडलं. एकोणीस वर्षांची सवय होती हाताला, म्हणून बादलीभर पाणी नेलं. पिपात काही कमी झालं नव्हतं त्यानं. तर तू त्यांना सांगायचं, हे पाणी कुठून आलं ते. पण घरात नाही. चारचौघांत."

"ते मला खाली पाय ठेवू देणार नाहीत, ताई."

"मला तरी कुठे देतायत."

मग नणंदेनं सुनेचा हात ओढून उलटा केला, तळव्यावरच्या भेगा पाहिल्या आणि आपला तळवा शेजारी धरला. दोन्हीकडे भेगा त्याच जागी होत्या, अंगठ्याच्या मुळाशी.

"बोटांनी दाबून पुसतेस," नणंद म्हणाली. "तळव्यानं पूस. कमी फाटतो."

"सांगेन," सून म्हणाली. कॅन भरून घेतला. टेम्पोत तो मांडीत घेऊन, झाकणावर दोन्ही हात दाबून ती घरी आली.

मंगळवारी दुपारीच तिनं चाकांवरची लव मिठानं घासून काढली आणि नव्यानं पुसायला घेतलं. तळव्यानं. बुधवारी सासरे तळघरात उतरले. गेल्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. बसून, एकेक पायरी सरकत, पायजम्याला दुसऱ्यांदा दिलेला ओला रंग लावून घेत ते खाली पोचले आणि पिपाजवळ गेले. तर्जनी बुडवली, जिभेला लावली. बराच वेळ ती जिभेवर ठेवून भिंतीकडे बघत राहिले.

"मीठ किती घातलंस?"

"नेहमीचंच."

"हं." त्यांनी बोट पायजम्याला पुसलं. "दाढ काय म्हणते?"

"बरी आहे."

"लवंगेनं बरी झाली असणार." आणि ते पुन्हा बसून बसून वर गेले.

त्यानंतर तिला एक क्षण चैन पडेना. त्यांना कळलं असेल? कळलं असेल तर बोलत का नाहीत? तिनं दूध उतू घातलं, मोजलेलं मीठ परत मोजलं, नवऱ्यावर खेकसली. शुक्रवारी चाकं ओलसर झाली. रविवारी सकाळी दिवा धरला तर सात-आठ चाकांच्या कडांवर पिवळसर झाक आली होती. तिला रडूच आलं. चाकं वाचली होती. आता गप्प राहिलं तर सगळंच वाचत होतं. नणंद काय, आठ वर्षं आली नव्हती, आणखी आठ येणार नव्हती. हा विचार मनात आला तो आलाच, तिनं तो झटकला नाही. त्याला घेऊनच ती पाहुण्यांसाठी पायऱ्या पुसायला लागली.

संघाच्या पटांगणात बँड वाजत होता. कापडी फलक लावले होते, टेबलांवर मेणाची चाकं मांडली होती, अकराही घरांची माणसं इस्त्रीचे कपडे घालून अवघडून उभी होती. शिक्का असलेल्या प्रत्येक घराला निमंत्रण होतं. नणंदेला नव्हतं. भाषणं झाली, शंभर वर्षांची परंपरा झाली, आणि मग सेक्रेटरी तीस-एक पाहुण्यांना घेऊन तळघराकडे निघाला. मागून निम्मं गाव. डुकरवालासुद्धा धुतलेला शर्ट घालून पायऱ्यांवर उभा राहिला.

सासऱ्यांना नवऱ्यानं उचलून खाली आणून खुर्चीत बसवलं होतं. सून पिपाशी, हातात फडकं. सेक्रेटरीनं माइक पुढे केला आणि सासरे बोलायला लागले. दूध कधी काढायचं, गोळा कधी उचलायचा, छान बोलले. माणसं टिपून घेत होती. मग त्यांनी काठीनं पीप दाखवलं.

"आणि हे पाणी. माझ्या आईनं धरलं. तेव्हापासून हे या घराबाहेर गेलेलं नाही. एकदा चोरीला गेलं बादलीभर, तेवढंच. पीप मात्र एक दिवस रिकामं राहिलं नाही."

टाळ्या पडल्या. फडक्यातून पाणी ठिबकत तिच्या चपलेवर पडत होतं. चोरीला, हा शब्द त्यांनी किती सहज उच्चारला! आठ वर्षांत तो त्यांच्या तोंडात पार मुरला होता. तिला टायरावर बसून हसणारी नणंद दिसली, आणि तिला सासऱ्यांचा राग आला. स्वतःचाही आला.

"राहिलं होतं," ती म्हणाली.

"काय?" सेक्रेटरीनं विचारलं.

"रिकामं. पाच दिवस. मी उंबऱ्यावर कॅन ठेवला आणि डुकरं प्यायली. आता आहे ते पाणी ताईकडून आणलंय. मंगळवारी. दाढ दुखत नव्हती माझी, बाबा."

मग पायऱ्यांवरून डुकरवाला ओरडला, "तरीच! तरीच म्हटलं, एवढी का तुटून पडली!" आणि माणसं फुटून हसली. पाहुण्यांना काही कळलं नाही, तेही हसले. सासरे हसले नाहीत. नवरा छताकडे बघत होता.

सेक्रेटरी घाबरा झाला. माइकवर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे पाणी बाहेरचं? नियमात घरचं पाणी लागतं. शिक्क्याचं..."

"बाहेरचं कसं?" सासरे गुरकावले. "चोरीचा माल ज्याचा त्याला परत आला."

"ताईनं तो नेला नसता," सून म्हणाली, "तर आज पाहुण्यांना चहा दाखवला असता मी. शनिवारी चहाच होता त्यात. तुम्ही वरून बघितलात."

सासऱ्यांनी वाकून पिपात बोट बुडवलं आणि सगळ्यांसमोर चाखलं. तीस पाहुणे त्या बोटाकडे बघत होते.

"माहितीये मला कुणाचंय ते," ते हळू म्हणाले. "बुधवारीच कळलं. मीठ जास्त आहे. पहिल्यापासून तिचा हात मिठाला सैल." मग त्यांनी सुनेपुढे हात केला. "आण ते."

तिनं फडकं दिलं. त्यांनी ते पिळलं, मांडीवर घडी करून ठेवलं, आणि उत्सव संपेपर्यंत त्याच्यावरचा हात काढला नाही. पायजमा ओला झाला तरी नाही.

संध्याकाळी दुधाचा टेम्पो परत जाताना सुनेनं ड्रायव्हरला गाठलं. "टायरवाल्यांकडे निरोप द्या. चारचौघांत सांगितलं म्हणावं." ती थोडी थांबली. जे गेलं ते गेलं, पण सगळंच सांगायचं ठरलं होतं ना. "आणि बाबा म्हणतात, तुमच्या पाण्यात मीठ जास्त आहे."

सोमवारी पुसायचा दिवस होता. सून सवयीनं उठली, कढई तापवली, निवळी काढली, आणि मग हातांना काम नसल्यासारखी मागच्या दारात उभी राहिली. सासरे परसात खुर्ची टाकून बसले होते. फडकं मांडीवर. बेचाळीस चाकं खाली वाट बघत होती आणि नवरा पायऱ्यांवरचा सांडलेला रंग खरवडत होता.

टेम्पो थांबल्याचा आवाज आला. घराला वळसा घालून नणंद थेट मागच्या दाराशी आली. कमरेवर कॅन, पायात गोठ्यातलीच चप्पल, कपाळावर घाम.

"कोण म्हणतं मीठ जास्त आहे?" ती परसाच्या टोकापासूनच कडाडली. "माझी खोली उबट आहे. मीठ वाढवलं नाही तर आठ दिवसांत नासेल सगळं. आठ वर्षं टिकवलंय, आणि म्हणे हात सैल! जीभ गेलीये तुमची, बाबा. म्हातारे झालात. हे घ्या, कमी मिठाचं वेगळं काढून आणलंय, चाखा आणि बोला."

तिनं धाडकन कॅन उंबऱ्यावर ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत मात्र आली नाही.

सासरे तिच्याकडे बघत होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून गाडीची करकर ऐकू आली. नऊ वाजले होते.

"अगं, तिथे नको!" सासरे ओरडले. काठी पडली, खुर्ची मागे कलंडली, आणि ते कशाचाही आधार न घेता उभे राहिले. "उंबऱ्यावर नको ठेवूस! आत घे, आत घे आधी!"

नणंद दचकली. तिनं कॅन उचलला, छातीशी धरला आणि एका पावलात आत आली. कुंपणाच्या फटीतून डुकरवाल्यानं आशेनं डोकं आत घातलं होतं. सुनेनं त्याच्या हातात निवळीचा कॅन दिला आणि फाटक लावून घेतलं.

आत शिरलेली नणंद कॅन घेऊन तशीच उभी होती. आठ वर्षांपूर्वीची भांडी त्याच फळीवर होती, ती तिकडे बघत होती. सासरे दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होते. खुर्चीवरून उठताना फडकं त्यांच्या मुठीत आलं होतं. त्यांनी ते लेकीकडे केलं, मग सुनेकडे पाहिलं, हात मध्येच थांबला. सुनेनं खाली मान घातली.

"चाकं वाळतायत," सासरे कुणाकडेच न बघता म्हणाले. मग फडकं सुनेच्या खांद्यावर टाकलं आणि पायऱ्यांकडे तोंड करून मुलाला हाक मारली.

"अरे, ते खरवडणं पुरे. आणखी एक फडकं काढ."